तीन खाचांचा टायमिंग चेन सेट: शून्याची खूणच शून्यावर नसेल तर पैसे कशाचे?

‘डॉटसमोर डॉट आला ना? मग कव्हर बंद करा.’ टायमिंग चेन म्हणजे क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) यांना जोडणारी चेन, आणि डॉट म्हणजे दोघांच्या गिअरवरच्या जुळवायच्या खुणा. क्रँक गिअरची शून्याची खूण चार डिग्री चुकलीय, या माझ्या तक्रारीला विक्रेत्याकडून आलेलं हे एवढंच उत्तर. त्यानंतर सेट बदलून द्यायला नकार, कारण काय तर गिअर ‘टॉलरन्समध्ये’ आहे. आता सेट बरेच महिने चालवून झालाय, म्हणून सविस्तर लिहितोय. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक ३५० व्ही-८ इंजिनात मोठा कॅम टाकणाऱ्या कुणाचे तरी पैसे वाचतील.

इंजिन कार्ब्युरेटरवालं, कॅम हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट. कॅमसोबतच्या कार्डावर लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधला कोन) ११० आणि इनटेक सेंटरलाइन (पिस्टन सर्वात वर आल्यानंतर जितक्या डिग्रीने इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो) १०६, म्हणजे चार डिग्री अॅडव्हान्स, म्हणजे लवकर, कॅममध्येच घासलेला. सेट डबल रोलर, दोन्ही गिअर बिलेट स्टीलचे, क्रँक गिअरला तीन खाचा: शून्य, चार अॅडव्हान्स, चार रिटार्ड (उशिरा). मूळची रुंद पट्ट्यांची चेन आणि नायलॉनच्या दातांचा गिअर ठेवायचा प्रश्नच नव्हता. नव्या कॅमबरोबर व्हॉल्व्ह स्प्रिंग कडक येतात, चेनवर ताण वाढतो. शिवाय जुनं नायलॉन तडकून ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतं.

शून्याच्या खाचेवर गिअर बसवला, डॉटसमोर डॉट आणला. पिस्टन स्टॉपने खरा टीडीसी (पिस्टन सर्वात वर असण्याची जागा) काढला, डिग्री व्हील लावलं आणि एक नंबरच्या इनटेक लिफ्टरवर डायल गेज. कमाल लिफ्टच्या आधी आणि नंतर, तिच्यापेक्षा ०.०५० इंच खाली, रीडिंग घेतलं: ६८ आणि १५२. बेरीज २२०, निम्मे ११०. क्रँक चालत्या दिशेनेच फिरवत पुन्हा पुन्हा पाहिलं, उत्तर तेच. कार्ड सांगतं १०६, गिअर देतो ११०.

चार डिग्रीने काय होतं, असं विक्रेता विचारतो. इनटेक व्हॉल्व्ह चार डिग्री उशिरा बंद होतो. मोठ्या कॅममध्ये तो आधीच उशिरा बंद होत असतो, त्यात ही भर. आत घेतलेल्या मिश्रणातलं काही उलटं मॅनिफोल्डकडे जातं, सिलिंडरमधलं प्रेशर पडतं आणि खालच्या आरपीएमला गाडी ओढत नाही. मालक मग कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसतो, कॅम चुकीचा निवडला म्हणून हळहळतो. दोष क्रँकच्या नाकावरच्या एका खुणेत असतो आणि तिच्याकडे कुणी पाहतच नाही.

दोष कॅमचा नाही याची खात्री करायला ओळखीच्या एकाचा न वापरलेला सेट चढवून बघितला. तोच कॅम, क्रँकमधली तीच चावी (की), तेच मोजमाप: १०६.५. गिअरचं बिंग तिथेच फुटलं.

मग माझा सेट अॅडव्हान्सच्या खाचेवर बसवला आणि १०६ आलं. इथे एक सांगून ठेवतो. खाच बदलली की क्रँक गिअरच्या दातावरची खूणही त्याच खाचेची धरायची. त्रिकोणाच्या (अॅडव्हान्सच्या) खाचेवर गिअर बसवून गोल (शून्याची) खूण जुळवली की सगळंच बिघडतं. सोबतच्या कागदावर हे इतक्या बारीक अक्षरात छापलंय की भिंग लागावं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मातीचा गोळा ठेवून पुन्हा तपासलं, कारण कॅम पुढे नेला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. इनटेकला ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंचापेक्षा कमी मी सोडत नाही.

काम झालं, पण राग गेला नाही. तीन खाचांचे जास्तीचे पैसे मी मोकळीक मिळावी म्हणून दिले होते. पुढे खालचा टॉर्क आणखी हवा वाटला तर चार डिग्री हाताशी असाव्यात. ती मोकळीक कारखान्याची चूक दुरुस्त करण्यातच संपली. आता पुढे सरकायला जागाच नाही.

इथपर्यंतचं लिहून ठेवलं होतं तेव्हा सेटला पाचपैकी एकच गुण देणार होतो. मध्यंतरी फ्रंट सील गळायला लागलं, बॅलन्सर आणि कव्हर काढावं लागलं, तेव्हा पुन्हा मोजलं. १०७. एवढ्या वापरानंतर, एवढ्या कडक स्प्रिंगवर, चेन फक्त एक डिग्री मागे आली. चेन ‘ताणली जाते’ म्हणतात, प्रत्यक्षात पिना आणि बुश झिजतात आणि कॅम हळूहळू रिटार्ड होतो. या चेनचे रोलर बोटाने फिरतात, ते खरे रोलर आहेत. स्वस्त सेटमध्ये नुसते बुश असतात आणि दिसायला दोन्ही सारखेच. चेनबद्दलचं मत मी बदललं: चेन उत्तम आहे. कॅम गिअरमागचं थ्रस्ट बेअरिंगही उपयोगी ठरलं. फ्लॅट टॅपेटच्या लोबचा उतार कॅमला मागे रेटतो आणि गिअर ब्लॉकवर घासतो. माझ्या ब्लॉकवर ओरखडा नाही.

पण गिअरला माफी नाही. गिअर बिलेटचा, पॉलिश चकचकीत, डबा देखणा, आणि ज्या एका गोष्टीसाठी हा भाग अस्तित्वात आहे, ती खूण आणि खाच, तीच चार डिग्री बाजूला.

चेनऐवजी गिअर ड्राइव्ह लावता येतो, पण त्याचा आवाज मला नको, शिवाय क्रँकचे हादरे तो थेट कॅमपर्यंत नेतो. बेल्ट ड्राइव्ह चांगला, पण रस्त्यावरच्या गाडीला तेवढे पैसे घालायची माझी तयारी नाही. पुढच्या कॅमला नऊ खाचांचा सेट घेईन, दोन-दोन डिग्रीने आठपर्यंत पुढे-मागे जाणारा. थोडा महाग पडला तरी चालेल. तोही डिग्री व्हील लावूनच बसेल.

आणि डॉटसमोर डॉट असताना या इंजिनात सहा नंबर फायरिंगला असतो, एक नाही. डिस्ट्रिब्युटर बसवण्याआधी क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून घ्या.