पक्ष्यांचं एक वर्ष: एकाच जागेवर ठाण मांडावं की यादीमागे फिरावं?

वर्षभर पक्षी पाहायचे आणि त्यांचे फोटो काढायचे असं मनाशी ठरलं की बहुतेकांची चौकशी कॅमेऱ्यापासून सुरू होते. लेन्स कुठली, झूम किती, ट्रायपॉड लागेल का. त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे हे वर्ष कसं काढायचं. चालत जाता येईल असा एखादा पाणवठा, माळ किंवा झाडोरा धरून तिथेच पुन्हा पुन्हा जायचं, की नव्या नव्या जागा धुंडाळत जातींची यादी वाढवत न्यायची? हे एकदा ठरलं की लेन्सचं उत्तर आपोआप सापडतं.

पहिल्या वर्षासाठी माझा कौल एका जागेला आहे. पण यादीचं वर्ष ज्यांना खरोखर मानवेल अशी माणसंही आहेत, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

यादीच्या वर्षात काय मिळतं

यादीची ओढ जबरदस्त असते. २०१५ साली नोआ स्ट्रायकर या अमेरिकी पक्षीनिरीक्षकाने जगभर फिरून एका वर्षात ६,०४२ जाती पाहिल्या. पुढच्याच वर्षी नेदरलँड्सच्या आर्यन ड्वार्सहाउसने तो आकडा ६,८०० च्या पुढे नेला. जगात पक्ष्यांच्या जाती साधारण ११,००० आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त जाती एका वर्षात! एवढं कुणी करायला जाणार नाही, पण आपल्या परिसरापुरती यादी करणाऱ्यालाही हीच ऊर्मी पहाटे उठवते.

या वर्षाचा मोठा फायदा म्हणजे कुळं डोळ्यांत बसतात. चिखलाणीवर एकाच सकाळी तुतवार, चिखले, शेकाट्या जवळजवळ उभे दिसले की चोचीची लांबी आणि पायांची उंची यांचा अर्थ लागतो. आखूड चोचीचा चिखल्या वरवरचं टिपतो, लांब चोचीचा पक्षी खोल चिखलात चाचपतो, आणि उंच पायांचा शेकाट्या इतरांना झेपणार नाही अशा पाण्यात उतरतो. पुस्तकातल्या चित्रांवरून हे इतक्या लवकर उमगत नाही.

तोटाही तिथेच आहे. प्रत्येक जात वाट्याला येते ती काही मिनिटं, एका हंगामात, एकाच पिसाऱ्यात. यादीत खूण झाली की पाय पुढच्या जातीकडे वळतात. वर्षअखेरीस नावं पुष्कळ होतात, पण यातला एकही पक्षी वर्षभर कसा जगतो हे सांगता येत नाही.

एका जागेच्या वर्षात काय मिळतं

वंचकाचंच पाहा. एरवी हा मातकट, रेघारेघांचा बगळा काठावर बसला की चिखलात मिसळून जातो. उडाला की मात्र पांढरेशुभ्र पंख उघडतात. विणीचा हंगाम जवळ आला की त्याच्या पाठीवर गडद तांबूस, जांभळट पिसं उतरतात, डोकं आणि मान पिवळसर होते, मागे लांब तुरा लोंबतो. यादीवाल्याने त्याला पहिल्या महिन्यात टिपलं असेल तर त्याच्या लेखी वंचक संपला. जागा धरून बसलेल्याला तो रंग चढताना आठवड्या-आठवड्याने दिसतो, आणि उतरतानाही.

जांभळ्या शिंजिराच्या नराचंही तसंच. हंगाम सरला की त्याची निळी-जांभळी झळाळी जाते, पोट पिवळं होतं आणि गळ्यापासून छातीवर एक काळपट पट्टा तेवढा उरतो. नवख्याला ही निराळी जात वाटते. एकाच झुडपावर त्याला दोन्ही रूपांत पाहिलेला माणूस फसत नाही.

दुसरी कमाई म्हणजे वागणं वाचता येणं. खंड्या मासा घेऊन आला की फांदीवर आपटून त्याला निपचित करतो, मग चोचीत फिरवून डोक्याकडून गिळतो, म्हणजे पर आणि खवले घशात अडत नाहीत. पण मासा चोचीत धरलाय आणि त्याचं डोकं बाहेरच्या बाजूला आहे, असं दिसलं तर तो घास स्वतःसाठी नाही. तो जोडीदारासाठी किंवा पिल्लांसाठी आहे. भरवताना त्यांच्या तोंडात डोकं आधी जायला हवं. हा बारकावा ज्याला ठाऊक आहे, त्याला जवळपास कुठेतरी घरट्याचं बीळ आहे हे लगेच कळतं, आणि तो आपण होऊन चार पावलं मागे सरकतो.

आणि स्थलांतर! २०२२ साली जेमतेम पाच महिन्यांचा एक गॉडविट, म्हणजे चिखलाणीवर चरणारा लांब चोचीचा पक्षी, अलास्काहून निघाला आणि कुठेही न उतरता ११ दिवसांत सुमारे १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात पोचला. असा प्रवास आपण पाहू शकत नाही. पण काल रिकामा असलेला काठ आज शेपूट हलवणाऱ्या धोब्यांनी भरला, हे पाहू शकतो. त्यासाठी काठ काल रिकामा होता हे आपल्याला माहीत असावं लागतं. हे ज्ञान एकदाच येणाऱ्याला कधीच मिळणार नाही.

उणीव सांगायची तर कंटाळा. हंगाम ओसरला की आठवडेच्या आठवडे तेच बुलबुल, तीच टिटवी, तोच कोतवाल. नावीन्यावर ज्यांचा उत्साह टिकतो, ते इथे मध्येच सोडून देतात.

फोटोंचा फरक

यादीच्या वर्षातले फोटो मुख्यतः पुरावे असतात. पक्षी लांब, ऊन डोक्यावर, हाताशी काही सेकंद. अंतर दुप्पट झालं की फ्रेममधलं पक्ष्याचं क्षेत्रफळ एक चतुर्थांश होतं, त्यामुळे लांबच्या पक्ष्याची पिसं मोजायची आशा कितीही मोठ्या लेन्सने फार पुरी होत नाही. शिवाय तापलेल्या जमिनीवरून किंवा पाण्यावरून उठणारी हवा चित्र थरथरवते, आणि त्यावर लेन्सचा इलाज चालत नाही; पहाटे जाणं हाच उपाय. पण ओळख पटवायला असा फोटो पुरतो. पंखावरची पट्टी, पायांचा रंग, चोचीचा बाक एवढं दिसलं की झालं.

जागा ठरलेली असली की प्रकाश आधीच माहीत असतो. कुठल्या फांदीवर सकाळचं तिरपं ऊन किती वाजता येतं, कोण तिथे बसतं, मागे मोकळं आकाश आहे की दूरची हिरवळ, सगळं डोक्यात तयार. पक्षीही सरावतात. रोज त्याच वेळी येऊन त्याच जागी गप्प बसणाऱ्या माणसाची त्यांना तितकी धास्ती वाटत नाही. मग लपणात बसून किंवा जमिनीवर लवंडून पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर फोटो घेता येतो, आणि चित्राचा नूर त्या पातळीनेच बदलतो.

सेटिंग दोन्हीकडे सारखीच. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंदाचं शटर सहसा पुरतं, उडणाऱ्याला १/२००० किंवा त्याहून वेगवान लागतं. पांढऱ्या बगळ्यासाठी एक्स्पोजर थोडं खाली घ्या, नाहीतर पिसांचा तपशील जळतो. उजळ आकाशातल्या घारीसाठी वर न्या, नाहीतर नुसती काळी आकृती मिळते. फरक इतकाच की ठरल्या जागी हे पुन्हा करून पाहायची संधी उद्या असते.

सामान: इथे बहुतेकांचा अंदाज उलटा निघतो

फिरायचं म्हणजे मोठी लेन्स हवी आणि घराजवळ छोटा कॅमेरा चालेल, असा समज आहे. माझं मत नेमकं उलट. फिरतीवर वजन मारतं. दिवसभर गळ्यात दुर्बीण, पाठीवर पाणी, आणि पक्षी कुठून निघेल याचा नेम नाही. तिथे लेन्स न बदलता येणारा, लांब झूमचा ब्रिज कॅमेरा उत्तम. त्याचा सेन्सर छोटा असतो, त्यामुळे कमी उजेडात चित्रात दाणे उमटतात आणि उडत्या पक्ष्यावर फोकस सुटतो. पण पुराव्याच्या फोटोला तो पुरून उरतो.

४०० किंवा ६०० मिलिमीटरची लेन्स आणि पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरणारा मिररलेस कॅमेरा खरा कामाला येतो तो ओळखीच्या जागी. तिथे अंतर कमी करता येतं, ट्रायपॉड लावता येतो, उजेडाची वाट पाहता येते. पैसे तिथेच वसूल होतात.

दुर्बीण मात्र दोन्हीकडे आधी, कॅमेरा नंतर. ८×४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हाताचं थरथरणंही तितकंच मोठं होतं आणि नजरेचा आवाका सहसा अरुंद होतो, म्हणून पानांत उड्या मारणारा वटवट्या सापडेपर्यंत निघून जातो. ४२ ला ८ ने भागलं तर सव्वापाच मिलिमीटर, १० ने भागलं तर ४.२, डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत एवढ्या जाडीचा. पहाटेच्या अंधुक उजेडात हा फरक जाणवतो. कॅमेऱ्याच्या काचेतूनच सगळं पाहू म्हणणारे पक्षी कमी पाहतात, कारण त्यांचं लक्ष फोकसच्या चौकोनात अडकलेलं असतं.

फोनवर आवाज नोंदवायलाही शिका. दिसायला अगदी सारख्या पर्णवटवट्यांत चांगल्या फोटोपेक्षा दहा सेकंदांची साद जास्त खात्रीची ठरते.

पक्ष्याला काय पडतं

निवड करताना हे लक्षात घेतलंच पाहिजे. यादीच्या वर्षात दुर्मीळ पक्ष्याची खबर लागली की गर्दी धावते. लांबून दमून आलेल्या पक्ष्याला त्या दिवशी फक्त खायचं असतं, आणि प्रत्येक उडवणीत त्याची साठवलेली ताकद खर्च होते. आवाजाची फीत वाजवून त्याला बाहेर काढणं तर सरळ छळ आहे. विणीच्या दिवसांत तो पक्षी हद्दीचं रक्षण करायला म्हणून सगळं सोडून येतो.

एका जागेच्या वर्षातला धोका वेगळा: तुम्हाला घरटी कळतात. टिबुकली अंड्यांवरून उठताना त्यांच्यावर पाणवनस्पती ओढून झाकते. अचानक जवळ गेलात तर तिला तेवढाही अवसर मिळत नाही आणि अंडी कावळ्याच्या नजरेला उघडी पडतात. घरट्यासमोरची फांदी बाजूला सारली तर ऊन आणि शत्रू दोघांनाही वाट मिळते. घरट्याचा फोटो घेऊ नका, आणि घरट्याची जागा कुणाला कळवू नका.

मग कुणी काय निवडावं

नोकरी-घर सांभाळून आठवड्यातून दोन सकाळी मिळत असतील, पक्ष्यांची ओळख नुकती होत असेल, किंवा चांगले फोटो ही खरी इच्छा असेल, तर एक जागा धरा. जिथे पाणी, झुडपं आणि मोकळी जमीन एकमेकांना भिडतात अशी कड निवडा; तिथे जाती जास्त मिळतात. सुरुवात शक्यतो पाहुणे पक्षी नसतानाच्या दिवसांत करा. मूळचे रहिवासी आवाजासकट पाठ झाले की नंतर आलेला पाहुणा लगेच वेगळा कळतो.

परिसरातले नेहमीचे पक्षी ओळखीचे झालेत, सोबतीला जाणकार आहेत, सलग मोकळे दिवस मिळतात, किंवा सध्याच्या मुलखात एवढं एकच वर्ष राहणार आहात, तर यादी करा आणि मनापासून करा.

मधली वाटही चांगली आहे: वर्ष एका जागेचं, आणि येत्या-जात्या स्थलांतराच्या दिवसांत मोजक्या लांबच्या फेऱ्या. हंगाम नसतानाचा कंटाळा ती काही घालवत नाही, पण घरच्या काठावर न उतरणारे पक्षी तिच्यामुळे दिसतात.

काहीही निवडलं तरी नोंद ठेवा. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेने २००२ साली सुरू केलेल्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तारीख, वेळ, अंतर आणि दिसलेल्या सगळ्या जाती भरता येतात. ‘सगळ्या’ हे महत्त्वाचं. फक्त दुर्मीळ पक्षी नोंदवले तर साधे पक्षी कमी होत चालल्याचं कुणालाच कळणार नाही. त्याच जागेची दर आठवड्याची पूर्ण यादी, त्यात काही न दिसलेली सकाळसुद्धा, अभ्यासकाला फार मोलाची असते. फोटोंना त्याच दिवशी जात, तारीख आणि जागा लिहून ठेवा, आणि ओळख पटवायला काढलेले फोटो न कापता, पूर्ण फ्रेममध्ये एक प्रत राखून ठेवा. पक्षी कशावर बसला होता आणि शेजारी कोण होतं, हे पुढे त्यातूनच शोधता येतं.