एएफएम आणि फ्लुओरेसन्स एकाच मायक्रोस्कोपवर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

इन्व्हर्टेड (नमुना खालून बघणाऱ्या) फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपवर बसवलेला एएफएम (अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, टिप नावाच्या सूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपणारा) पुण्यातल्या एका लॅबमध्ये आठ महिने चालला. त्यात एप्रिलचा उकाडा आला आणि अख्खा पावसाळाही. काम मुख्यतः जिवंत पेशींचं: खालून अ‍ॅक्टिनचे (पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनाचे) चमकणारे धागे बघायचे आणि वरून त्याच जागेची उंची व ताठरपणा मोजायचा. घ्यावा की नाही? घ्यावा. पण दोन्ही एकाच क्षणी चालतील या भरवशावर घेऊ नये.

कारण फोर्स कर्व्हवर (टिप खाली-वर होताना तिच्यावरच्या बलाच्या आलेखावर) दिसतं. टिप पेशीच्या वर, कुठेही न टेकता उभी आहे. फ्लुओरेसन्सच्या दिव्याचं शटर उघडलं की डिफ्लेक्शनची (कॅन्टिलिव्हर किती वाकला त्याची) सपाट रेघ टुणकन उडते आणि बंद केलं की हळूहळू खाली येते. कॅन्टिलिव्हर, म्हणजे टिप धरणारी लवचिक पट्टी, सिलिकॉन नायट्राइडचा, त्याच्या पाठीवर लेझर परतवण्यासाठी सोन्याचा थर. तापल्यावर दोन्ही सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी वाकते आणि सॉफ्टवेअरला वाटतं टिप टेकली. सोनं फक्त टोकाकडे असलेला कॅन्टिलिव्हर घेतला तर हे बरंच कमी होतं, संपत मात्र नाही. शिवाय नायट्राइड स्वतःही थोडा चमकतो, म्हणजे चित्रात भुताटकी. तेव्हा आधी फ्लुओरेसन्सचा फोटो, मग शटर बंद, रेघ स्थिरावेपर्यंत थांबा, मग स्कॅन. एएफएमचा लेझर इन्फ्रारेड असलेलाच बघा. लाल असेल तर फार-रेड डायच्या चॅनेलमध्ये गळतो.

दोन चित्रं आपोआप एकमेकांवर बसत नाहीत, हे विकणारे सहसा सांगत नाहीत. स्कॅनर क्लोज्ड-लूप (स्वतःची जागा मोजून दुरुस्त करणारा) असेल तर त्याचं मोजमाप बऱ्यापैकी सरळ असतं. भिंगाचं चित्र कडेला ताणलेलं असतं. टिप ५ × ५ अशा २५ ठिकाणी नेऊन प्रत्येक ठिकाणी कॅमेऱ्यातून तिचा फोटो घ्यायचा आणि त्यावरून रूपांतर काढायचं. नंतर १०० नॅनोमीटरचे अनेक रंगांत चमकणारे बीड्स (बारीक गोळे) कव्हरस्लिपवर (नमुन्याच्या पातळ काचेवर) सुकवून पडताळा. एएफएममध्ये बीडची उंची साधारण बरोबर येते, पण रुंदी टिपच्या आकारामुळे फुगते. फ्लुओरेसन्समध्ये तोच बीड सुमारे २५० नॅनोमीटरचा डाग होतो. म्हणून कडा जुळवत बसू नका, केंद्रं जुळवा. ऑब्जेक्टिव्ह बदललं, फिल्टर क्यूब (प्रकाशाचा रंग निवडणारा ठोकळा) बदलला, कॅन्टिलिव्हर बदलला की सगळं पुन्हा. क्यूबच्या फरकाने चित्र काही पिक्सेल सरकतं, आणि ते नजरेला जाणवतसुद्धा नाही.

कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटरची. ती डिशमध्ये सैल असेल तर ढोलकीच्या पुडीसारखी थरथरते. ऑइल ऑब्जेक्टिव्हचा त्रास वेगळाच: तेलामुळे भिंग आणि काच जोडल्यासारखे होतात, फोकसला बोट लावलं की काच हलते आणि स्कॅनमध्ये पायरी उमटते. स्कॅन सुरू असताना फोकस नॉबला हात नाही. कॅमेऱ्याचा पंखासुद्धा तितकाच आगाऊ. वॉटर-कूलिंगची सोय असेल तर तीच वापरा.

पेशींसाठी ०.०६ न्यूटन प्रति मीटरच्या आसपासचा कॅन्टिलिव्हर, सेटपॉइंट (टिपने दाबायचं बल) ०.५ नॅनोन्यूटनपर्यंत. संवेदनशीलता (कॅन्टिलिव्हर किती वाकला की सिग्नल किती बदलतो) त्याच द्रवात, स्वच्छ काचेवर मोजायची. हवेत मोजलेली चालत नाही. टिपची उंची ३ मायक्रॉन असेल आणि पेशीचा मधला भाग ५–६ मायक्रॉन, तर टिप पोचायच्या आधी कॅन्टिलिव्हरची कडच पेशीला घासते. असा स्कॅन देखणा दिसतो आणि साफ खोटा असतो. उंच टिप घ्या, आणि स्कॅनरचा झेड (उभा) पल्ला १५ मायक्रॉनच्या आसपास असू द्या.

पावसाळ्याबद्दल. हवेत स्कॅन करताना नमुन्यावर पाण्याचा पातळ थर बसतो, टिप चिकटते आणि कर्व्हमधली ओढ वाढते. ती पदार्थाची नव्हे, जुलैची. हुडमध्ये (यंत्रावरच्या झाकणात) कोरडा नायट्रोजन सोडला की फरक पडतो. ऑब्जेक्टिव्ह सिलिका जेल असलेल्या बंद कपाटात ठेवा, नाहीतर भिंगावर बुरशी आलीच म्हणून समजा. वीज गेली तर स्कॅनरचा ताबा सुटतो आणि टिप हमखास धोक्यात येते, म्हणून ऑनलाइन यूपीएस हवाच.

तोच नमुना पुढे एसईएममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) न्यायचा असेल तर एएफएम आधी. इलेक्ट्रॉन शलाकेखाली पृष्ठभागावर कार्बनचा थर चढतो आणि पुढची उंची त्याचीच मोजली जाते. वर सोन्याचं कोटिंग झालं तर बारीक रचना झाकली जाते ती वेगळीच. जागा पुन्हा सापडावी म्हणून अक्षरं कोरलेली कव्हरस्लिप घ्या. कोपऱ्यातला खुणेचा कण पकडून माग काढणं म्हणजे दुपार गेली.

टिपचा डबा दहाचा येतो, बाहेरून मागवावा लागतो आणि आठवडे लागतात. नवशिका पहिल्या डब्यातल्या निम्म्या टिप मोडतो, तेव्हा डबा संपत आल्यावर नव्हे, उघडल्या दिवशीच पुढचा मागवा.