वाईतल्या जुन्या वाड्यात भाड्याने राहतोय, तिन्ही ऋतू काढले, आता खरं खरं सांगते

वाड्यांचे रील बघून "आपणही एखादा भाड्याने घेऊ की" असं ज्यांच्या मनात घोळतंय त्यांच्यासाठी लिहितेय. वाईत नदीच्या बाजूला एका दुचौकी (म्हणजे आत दोन उघडे चौक असलेल्या) वाड्याचा वरचा मजला आणि खालचं माजघर-स्वयंपाकघर असं आम्ही अकरा महिन्यांच्या करारावर घेतलं. दोघांचंही काम घरून, मालक पुण्याला.

आधी चांगलं सांगते, उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये रस्ता भाजून निघत असताना आम्ही ओटीवर पंखा एकवर ठेवून बसायचो, एसीचा विषयच नाही. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर माती-विटांची दोन-अडीच फूट जाड भिंत, ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. फक्त हीच भिंत वायफायपण अडवते, दिवाणखान्यातला राउटर माजघरात शून्य, शेवटी जिन्याच्या तोंडाशी रिपीटर बसवला. आणि खिळा ठोकायला जाऊ नका, भसाभस माती येते आणि खिळा हातात राहतो. तशी गरजही पडत नाही म्हणा, कोनाडे, फडताळं, खुंट्या इतक्या आहेत की कपाट असं एकही घेतलं नाही.

आता जे रीलमध्ये दिसत नाही ते. वाड्याची सगळी शोभा पुढच्या चौकात. नक्षीचे सागवानी खांब, महिरपी, मोठा दिवाणखाना, सगळं आल्यागेल्यासमोर मिरवायचं. मागे या, माजघरात दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो, स्वयंपाकघराला धुरासाठी एक झरोका आणि त्याच्या शेजारी बाळंतिणीची खोली, तिला खिडकीच नाही. आर्किटेक्ट लोक चौकातल्या उजेडाचं कौतुक करतात ना, त्यांना एकदा त्या माजघरात तांदूळ निवडायला बसवायला पाहिजे. मी माझं ऑफिस सरळ दिवाणखान्यात थाटलं. मीटिंगमध्ये मागे महिरप दिसते, क्लायंट खूश.

हे वाडे बांधले कोणी तर पेशवाईतल्या सरदारांनी, सावकारांनी. वाईत रास्ते मोठं घराणं, नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई त्यांच्यातल्याच, आणि ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. पलीकडे मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट, चिमाजीअप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हाची पोर्तुगीज घंटा अजून तिथे टांगलेली आहे. पाहुणे आले की आम्ही तिकडेच नेतो. तिथले एकामागून एक सहा चौक फिरताना माझ्या डोक्यात एकच, हे झाडायचं कोणी? घराच्या आराखड्यातच गडीमाणसं धरलेली होती. पाणी भरणारा, सारवणारी, दिवाबत्ती करणारा, दिंडी दरवाज्याला देवडीवर पहारेकरी, शिवाय घरातल्या पाच-सहा बायका पहाटेपासून राबणाऱ्या. ती सगळी माणसं वजा झाली आणि तेवढाच मोठा वाडा आता मी आणि आठवड्यातून दोनदा येणाऱ्या मावशी सांभाळतो. भाडं फ्लॅटपेक्षा कमी आहे म्हणून कोणी हुरळू नका, राहिलेले पैसे अंगमेहनतीने वळते होतात.

पावसाळा तर वेगळंच प्रकरण. मे संपायच्या आत शाकारणी म्हणजे कौलं उतरवून, फुटकी बदलून, परत नीट बसवायची, हे दरवर्षी. हे काम नीट जाणणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी, आमचा नंबर लागेस्तोवर जून उजाडला आणि पहिल्याच मोठ्या पावसात जिन्यावर धार लागली. जिना मुळात भिंतीच्या पोटातला, अंधारा, एका वेळी एकच माणूस जाईल असा आणि पायऱ्या एवढ्या उंच की सासूबाई दोरखंड धरूनच चढतात. (तो दोरखंड आधीपासूनच आहे, म्हणजे पूर्वीच्या सासवाही तशाच चढत असणार.) खालच्या मजल्याला कडीपाट, म्हणजे सागाच्या कड्या, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा थर, वर कोणी चाललं की खाली ताटात बारीक माती पडते, म्हणून आम्ही जेवायच्या जागेवर खालून कापड ताणून बांधलंय.

ओलीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मातीच्या भिंतीचा खरा शत्रू पाणी. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे पाण्यात भिजून खाली बसले ते याचमुळे. आमच्याकडे मागच्या भिंतीला कोणीतरी मध्यंतरी सिमेंटचं प्लास्टर करून ठेवलंय, दिसायला चकाचक, पण ओल आतच कोंडते आणि पोपडे धरून पडतात. चुन्याची भिंत श्वास घेते असं इथले जुने गवंडी सांगतात ते भिंतीला हात लावला की पटतं, चुन्याची बाजू ऑगस्टमध्येही कोरडी होती.

दुसरी भीती आगीची. शनिवारवाडा १८२८ ला जळाला तो आठवडाभर धुमसत होता म्हणतात, विश्रामबागवाड्यालाही १८७९ ला आग लागली होती. सगळं लाकूडच, वाचणार काय? आणि आमच्या इथे त्या शेकडो वर्षं वाळलेल्या सागावरून कापडी वेष्टनाची जुनी वायरिंग! आल्या आल्या आधी ती बदलून घेतली, स्वतःच्या खर्चाने. वाडा बघायला जाल तेव्हा नक्षी नंतर बघा, आधी मीटरचा बोर्ड उघडा.

खर्च स्वतः का केला, तर प्रॉपर्टी कार्डावर नावंच नावं. मूळ बांधणाऱ्याचे वंशज पुण्यात, ठाण्यात, एक जण न्यू जर्सीला, आणि साधा पत्रा घालायचा तरी सगळ्यांची संमती. खालच्या मजल्यावर एक आजोबा आहेत, भाडं गोठवणाऱ्या १९४७ च्या भाडे कायद्याच्या काळातले भाडेकरू, त्यांच्या भाड्यात आज दोन किलो साखर पण येणार नाही. मालक म्हणतात एवढ्यात दुरुस्ती कशी करू, आजोबा म्हणतात दुरुस्ती नाही तर भाडं का वाढवू, दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि मधल्या मधे तुळईला वाळवी. मात्र कौल सरकलं की कोणाला बोलवायचं, आडाचं पाणी कधी गढूळ होतं, कुठल्या खांबाला टेकायचं नाही, हे सगळं त्या आजोबांनाच माहीत, नावावर असलेल्यांपैकी एकालाही नाही.

करार वाढवणार का असं बरेच जण विचारतात. अहो, पावसात रात्री छत्री घेऊन चौक ओलांडून परसात जायचा आता कंटाळा आलाय. वरच्या मजल्यावर संडास-बाथरूम करून देतो असं मालकांनी कबूल केलंय, फक्त न्यू जर्सीवाल्या पुतण्याची सही यायचीय. आली तर राहू.