ऐकायचं पुस्तक निवडताना: एक आवाज, अनेक आवाज की लेखकाचाच आवाज?

ऑडिओबुक घ्यायचं म्हटलं की बहुतेक जण आधी पुस्तकाचं नाव शोधतात, मग लेखक बघतात, मग किती तासांचं आहे ते. वाचलंय कोणी ही ओळ सगळ्यांत शेवटी, बारीक अक्षरात असते. माझ्या मते निवड तिथून सुरू व्हायला हवी. छापील पुस्तकात एखादं वर्णन लांबलं तर आपण नजर पुढे टाकतो, दोन परिच्छेद गाळतो. ऐकताना ती सोय नाही. दहा-बारा तास एका माणसाच्या श्वासाबरोबर जायचं असतं. त्याने घाई केली की आपलीही घाई होते, तो उगाच रेंगाळला की आपणही अडकतो.

मी रत्नागिरीच्या खाली, पावसच्या बाजूला राहते. एप्रिल-मे आंब्याच्या पेट्या भरण्यात आणि रातांबे फोडण्यात जातो. हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे. पावसाळ्यात उलट, वेळ भरपूर आणि वीज बेभरवशाची. त्यामुळे इथे ऐकण्याची सवय लागायला फार प्रयत्न करावे लागत नाहीत. ओळखीतले बरेच जण आता विचारतात, कुठलं लावू, कुठून घेऊ. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मराठीत सध्या जे मिळतं त्याचे ठळक प्रकार असे: एकाच माणसाने केलेलं अभिवाचन, अनेक नटांनी संगीतासह केलेलं नाट्यरूप, लेखकाने स्वतः वाचलेलं पुस्तक, आणि फोनमधला यंत्राचा आवाज. पहिल्या दोघांतला फरक कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. चातुर्मासात माजघरात पोथी लागते. एक जण वाचतो, एका लयीत, फारसा चढउतार न करता. डोळे पाणावले तर ऐकणाऱ्याचे, वाचणाऱ्याचे नाहीत. आणि जत्रेत दशावतार होतो. तिथे लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं असतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. पायपेटी, मृदंग, झांजा, राक्षसाची आरोळी, सगळा भाव पात्राच्या गळ्यात. दोन्ही आपलंच आहे आणि दोन्हींना रात्रभर बसणारे लोक आहेत. प्रश्न एवढाच, की कुठलं पुस्तक पोथीसारखं ऐकायचं आणि कुठलं दशावतारासारखं.

माझं मत सरळ आहे. कादंबरी एकाच आवाजात ऐका. कादंबरीत संवाद असतात, पण त्यांच्या मध्ये लेखक जे सांगतो त्यात तिचा जीव असतो: पडवीत कोण कुठे बसलंय, कोणी कोणाकडे बघितलं नाही, पाऊस कधी थांबला. नाट्यरूपात हा मधला भाग एक तर कापला जातो, नाही तर एखाद्या तटस्थ निवेदकाकडे जातो. मग पात्रं रंगात येतात आणि निवेदन आलं की कान झोपतो. शिवाय आठ जणांचे आठ आवाज कोणी तरी ठरवून दिलेले असतात. एकट्या अभिवाचकाने नुसता सूर बदलला की गोष्टीतल्या एखाद्या बायजाचं तोंड माझं मी रंगवते. नटाने तिचा आवाज काढला की ती त्या नटाची होते.

याची परीक्षा घ्यायला एक पुस्तक फार सोयीचं आहे, साने गुरुजींचं ‘श्यामची आई’. दापोली तालुक्यातल्या पालगडचं बालपण, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं. रचना अशी की श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना एकेक आठवण सांगतो. प्रकरणांची नावंही ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशीच. म्हणजे हे मुळातच सांगितलेलं पुस्तक आहे. गुरुजी १९५० साली गेले. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे २०११ पासून ते कोणालाही वाचून प्रसिद्ध करता येतं. म्हणूनच त्याची कितीतरी वाचनं मिळतात, आणि एकच मजकूर वेगवेगळ्या गळ्यांतून ऐकता येतो.

त्यातला एकच प्रसंग लावून बघा. अंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हटून बसतो. आई लुगड्याचे ओचे दगडावर पसरते, तो त्यावर पाय टिपतो. मग आई त्याला म्हणते की तळव्यांना जपतोस तसं मनालाही जप. मी ऐकलेल्या एका वाचनात हे वाक्य यायच्या आधीच व्हायोलिन सुरू होतं, आणि वाक्य येईपर्यंत वाचणाऱ्याचा गळा भरून आलेला असतो. दुसऱ्यात एक बाई वाचते. ती हे वाक्य पोराचं अंग पुसत असल्यासारखं म्हणते, संध्याकाळची कामं पडली आहेत अशा सुरात, आणि लगेच पुढे जाते. पहिल्या वाचनात मला कळतं की इथे रडायचं आहे. दुसऱ्यात पुढचं वाक्य सुरू होतं आणि तेव्हा घशाशी येतं. त्या बाईला ठाऊक आहे की आईला आपण काही थोर बोललो हे माहीतच नव्हतं. अभिवाचन चांगलं की वाईट हे मी अशाच जागांवरून ठरवते.

आता बोलीभाषेचा मुद्दा, आणि कोकणातल्या पुस्तकांसाठी तो सगळ्यांत मोठा आहे. नट मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली रंगभूमीवर आणली आणि साऱ्या महाराष्ट्राच्या कानात ती बसवली. ते काम फार मोठं आहे. पण त्यामुळे शहरातल्या पुष्कळ अभिवाचकांना कोकणी पात्र दिसलं की तोच एक हेल आठवतो. श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबऱ्यांतली माणसं दापोली-हर्णैकडची. जयवंत दळवींची आरवलीची, चिं. त्र्यं. खानोलकरांची वेंगुर्ल्याकडची. उत्तरेकडचा खोत, संगमेश्वरातला कुणबी आणि शिरोड्याचा दुकानदार एकसारखं बोलत नाहीत. हर्णैच्या माणसाच्या तोंडी मालवणी हेल आला की आम्हा इथल्यांना पहिल्याच संवादाला खडा लागतो. बोली नीट येत नसेल तर अभिवाचकाने ती वठवूच नये. शब्द लेखकाने लिहिलेत तसे, स्वच्छ, साध्या सुरात वाचावेत; हेल ऐकणारा आपला आपण भरून घेतो. कोकणाबाहेरच्या श्रोत्यालाही ते बरं पडतं, कारण खोट्या हेलात अर्धे शब्द गिळले जातात.

शब्दांची ओळख आहे की नाही हेही लगेच कळतं. पाखाडी (पायऱ्यांची वाट), वहाळ, आगर, खळं, पोफळ हे शब्द वाचणाऱ्याच्या तोंडात आधीपासून असले तर वाक्य वाहतं. नसले तर प्रत्येकाच्या आधी श्वास थबकतो, जणू रस्त्यावरची अनोळखी पाटी वाचली जाते आहे. पाखाडी चढून येणारी म्हातारी त्या थबकण्यात ठेचकाळते. म्हणून नमुना ऐकताना पहिली दोन मिनिटं ऐकू नका. सुरुवात सगळेच घोटून करतात. मधला, संवादांचा आणि गावातल्या शब्दांचा तुकडा लावा, निदान दहा मिनिटं ऐका, आणि मग ठरवा.

नाट्यरूपाची बाजू घ्यायची तर विनोदी कथा, रहस्यकथा, भयकथा आणि मुलांच्या गोष्टी. तासाभराच्या आत संपणारं, संवादांवर चालणारं लेखन अनेक आवाजांत खुलतं. मुलांना तर तेच आवडतं, आणि गाडीतून सगळं घर मिळून ऐकत असेल तर एका आवाजापेक्षा ते जास्त धरून ठेवतं. आकाशवाणीच्या श्रुतिकांवर वाढलेल्या पिढीला याची गोडी मुद्दाम लावायला नको. चांगल्या श्रुतिकेत पावलांचा आवाज, दाराची कडी, विहिरीवरचा रहाट हे सगळं गोष्ट पुढे नेतं. आता बऱ्याच ठिकाणी लाटांचा आणि वाऱ्याचा आवाज वाक्याखाली सतत पसरलेला असतो, आणि तो कथेचं काहीच काम करत नाही.

तो आवाज आमच्याकडे आणखी एका कारणाने नको असतो. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना ऐकून बघा. पावसाचा आवाज एका पट्टीतला नसतो, सगळ्या पट्ट्या भरून टाकतो. फ, थ, ख अशी क्षीण व्यंजनं आधी बुडतात आणि नुसते स्वर उरतात. त्यात खाली संगीत असेल तर काही कळत नाही. खोल, घुमणारा आवाज हेडफोनवर रुबाबदार वाटतो, पण पावसात मध्यम पट्टीचा, व्यंजनं स्वच्छ फोडणारा आवाजच टिकतो. एस.टी.त, इंजिनाच्या घरघरीतही तेच. कोकण रेल्वेने जाणार असाल तर पुस्तक घरूनच डाउनलोड करून निघा. करबुडेचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि बोगदे काही तेवढ्यावर संपत नाहीत.

लेखकाने स्वतः वाचलेलं पुस्तक म्हटलं की आपण लगेच हुरळतो, कारण मराठीला कथाकथनाची मोठी परंपरा आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथा सांगत फिरले. पु. ल. देशपांड्यांनी आपली व्यक्तिचित्रं स्वतः वाचली, आणि रत्नागिरीच्या माणसाचा तिरकस सूर ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकला त्यांना तो छापील पानावरही तसाच ऐकू येतो. पण हे सगळे मंचावर तयार झालेले लोक होते. लोक कुठे हसणार, हशा ओसरायला किती थांबायचं, हे त्यांनी समोरच्या गर्दीकडून शिकून घेतलं होतं. प्रत्येक लेखकाकडे हे नसतं. पुष्कळ जण खाली मान घालून, स्वतःच्याच वाक्यांचा संकोच वाटल्यासारखं वाचतात. म्हणून आत्मचरित्र किंवा आठवणी असतील तर लेखकाचा आवाज घ्या. तिथे अडखळणंही त्या माणसाचंच असतं आणि ते ऐकावंसं वाटतं. कथा-कादंबरीत मात्र तयार अभिवाचकच घ्या.

यंत्राचा आवाज फोनमध्ये फुकट असतो आणि पूर्वीपेक्षा खूप सुधारला आहे. शेतीची माहिती, योजनेचं परिपत्रक, लांबलचक लेख यांना तो पुरतो. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तर तो मोठा आधार आहे, आणि सरावाने ते तो इतक्या वेगात ऐकतात की आपल्याला एक शब्द लागत नाही. बोलक्या पुस्तकांची सुरुवातही त्यांच्यासाठीच झाली: अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकात, ग्रामोफोनच्या तबकड्यांवर. साहित्यासाठी मात्र यंत्र अजून कच्चं आहे. ‘चमचा’तला च आणि ‘चिमटा’तला च त्याला नेमका वेगळा करता येईलच असं नाही. आणि लांब वाक्यात जोर कशावर द्यायचा हे त्याला अर्थावरून कळत नाही. कविता तर त्याच्याकडून ऐकूच नये.

घरातल्या वयस्कर माणसासाठी घेत असाल तर वेगळा विचार करा. माझ्या सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर वाचवत नाही, पण ऐकायला त्या दुपारभर बसतात. त्यांचं म्हणणं ठरलेलं असतं, “अगो, ह्यो बाबा धावतोय कशाला? जरा सावकाश लाव.” वेग थोडा कमी करता येतो, पण फार कमी केला की आवाज ओढल्यासारखा होतो. त्यापेक्षा मुळातच सावकाश वाचणारा शोधावा. त्यांना अनेक आवाज नको असतात, कारण कोण बोललं हे लक्षात ठेवण्यातच गोष्ट निसटते. प्रकरणं लहान असलेली बरी, आणि झोपेच्या वेळेला आपोआप बंद होण्याची सोय लावून ठेवावी. इअरफोन त्यांना टोचतो, म्हणून छोटा स्पीकर चांगला. तो उशाशी ठेवायचा, भिंतीला लावून नाही. कौलारू घरात आवाज वर निघून जातो.

पैशांचं थोडक्यात. २०१७ साली स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप भारतात आलं आणि मराठी पुस्तकं ऐकण्यासाठी पैसे देण्याची सवय लोकांना लागू लागली. पुढच्याच वर्षी ऑडिबलही भारतात सुरू झालं. मराठी कादंबऱ्या नियमित ऐकणार असाल तर वर्गणी परवडते, आणि अभिवाचकाचा मेहनतानाही त्यातूनच निघतो. हक्क संपलेली जुनी पुस्तकं ऐकणार असाल तर फुकट वाचनं भरपूर आहेत. त्यांत काही हौशी वाचणारे इतके चांगले आहेत की पैसे देऊनही तसं मिळत नाही, फक्त रेकॉर्डिंगमध्ये पंखा आणि कोंबडा ऐकू येतो. मात्र हक्क चालू असलेलं पुस्तक कोणी परवानगी न घेता पूर्ण वाचून टाकलं असेल तर ते ऐकू नका. लेखकाच्या घरच्यांचं त्यात नुकसान आहे.

वर्षभराची वर्गणी एकदम भरायची घाई करू नका. एक महिना घ्या, तोही हाताला काम असेल असा, आमच्याकडे तो मे. त्या महिन्यात आवडलेल्या अभिवाचकाचं नाव लिहून ठेवा आणि पुढचं पुस्तक त्या नावावरून शोधा. लेखक अनोळखी असला तरी चालेल.