आडतीच्या हिशोबाला एसक्यूलाइट: आपल्याला तर पटलं

सांगली मार्केट यार्डात हळदीच्या एका आडत दुकानाचं वेब ॲप मी सांभाळतो. ते माझ्याकडे आलं तेव्हा प्रत्येक शेतकऱ्याची एकेक जेसन फाइल (साध्या मजकुरात माहिती ठेवणारी) होती. वाचायला सोपी, पण सौद्याच्या गर्दीत तिचा निभाव लागत नाही. एक दिवाणजी उचल (शेतकऱ्यानं आगाऊ घेतलेले पैसे) चढवतोय, दुसरा त्याच खात्यावर हमाली. दोघांनीही जुनीच फाइल उघडलेली. शेवटी ज्यानं सेव्ह केलं त्याचं राहिलं, उचल गायब! शिवाय कुणाकडून किती येणं आहे हे काढायचं तर सगळ्या फायली चाळा.

म्हणून एसक्यूलाइट हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर घेतलं. २००० सालापासूनचं, फुकट, वेगळा सर्व्हर नाही, सगळा डेटाबेस एका फाइलीत. आता उचलीची ओळ वेगळी, हमालीची वेगळी; कुणी कुणाचं पुसत नाही. पट्टी (शेतकऱ्याच्या विक्रीचं बिल) करताना हमाली, तोलाई, उचल वजा होऊन बाकी निघते, ते सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. मध्येच लाइट गेली तर पट्टी पूर्ण असते किंवा नसतेच, अर्धवट नाही. एका वेळी एकालाच लिहिता येतं खरं, पण वॉल मोड (नव्या नोंदी आधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत लिहायची पद्धत) चालू केला की वाचणारे अडत नाहीत. एका पेढीला एवढं रग्गड झालं.

खोडीही आहेत. पोत्यांच्या रकान्यात ‘बारा’ असं अक्षरी टाका, मुकाट ठेवून घेतं! २०२१ पासून रकान्याचा प्रकार सक्तीनं पाळणाऱ्या स्ट्रिक्ट टेबलची सोय आहे, तीच वापरा. फॉरेन की तपासणी, म्हणजे नोंद ज्या खात्याकडे बोट दाखवते ते खरंच आहे का हे बघणं, मुळात बंद असते, दर कनेक्शनला चालू करावी लागते. खातंच नसलेल्या शेतकऱ्याची पट्टी निघू शकते, हे मला अजिबात पटत नाही.

काटापट्टीचे (वजनाच्या चिठ्ठीचे) फोटो मात्र मी फोल्डरमध्येच ठेवतो, टेबलात फक्त त्या फाइलीचा पत्ता. एसक्यूलाइटवाल्यांच्याच चाचणीत साधारण १०० केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमधून लवकर वाचल्या जातात, मोठ्या बाहेरच्या फाइलीतून. मोबाइलचा फोटो दोन-तीन एमबीचा, मग प्रश्नच मिटला. बॅकअप दोन्हींचा घ्यावा लागतो, एवढी कटकट. आणि चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी-पेस्ट करू नका. ताज्या नोंदी शेजारच्या वॉल फाइलीत असू शकतात. त्यासाठी बॅकअपची कमांड दिलेली आहे.

चार गावांत शाखा आणि दोन-तीन सर्व्हर असतील तर सरळ पोस्टग्रेस हा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस घ्या.