मुलीला घरी मराठी वाचायला शिकवतेय: अक्षरगट + प्रिंट काढलेल्या गोष्टी, सहा-सात महिन्यांनंतरचा अनुभव

मुलगी साडेपाच वर्षांची, शाळा इंग्लिश मिडियम, घरात मराठी. पहिलीपासून मराठी सक्तीचं आहेच (२०२० चा कायदा) पण शाळेवर सोडलं तर बाराखडी पाठ होईल आणि वाचन राहून जाईल असं वाटलं, म्हणून जूनपासून घरीच सुरू केलं.

आधी भिंतीवर तक्ता होताच, सासूबाईंनी हौसेने आणलेला. त्याने अक्षरं ओळखता आली, नाही असं नाही, पण "गवत" लिहून दिलं की ही म्हणणार "गणपती, वजन, तलवार". म्हणजे अक्षर दिसलं की चित्र आठवतं, आवाज नाही. मग अक्षरगटाची पद्धत घेतली. फलटणची प्रगत शिक्षण संस्था १९७८ पासून काम करतेय, मॅक्सीन बर्नसन यांनी सुरू केलेली, तिथे मुलांना अक्षरं गटागटाने आणि मात्रांसकटच शिकवतात हे ऐकून होते. आम्ही आपला घरगुती गट केला, क म ल आणि काना, बस. एवढ्यावर पोरगी "काका, मला मका" हे अख्खं वाक्य वाचते!! मग न, स, र घेतले की नाक, कान, मासा, ससा, "मामाला मासा", कायच्या काय वाक्यं होतात आणि ती हसत बसते. क ते ज्ञ सगळं संपेपर्यंत एक शब्द वाचायला मिळत नाही ही जी जुनी रड आहे ती इथे नाही.

अडलं ते पहिल्या वेलांटीला. लिहिताना अक्षराच्या आधी, बोलताना नंतर, आणि वर तिचा दांडा हुबेहूब कान्यासारखा, त्यामुळे "कविता" चं "कावता" होत होतं. यावर जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी कापून शब्द झाकायचा आणि एकेक अक्षर मात्रेसकट उघडत जायचं, ह्याचा खरंच उपयोग झाला. ऱ्हस्व-दीर्घावर मी अजिबात डोकं लावलेलं नाही, बोलताना आपण तरी कुठे फरक करतो.

च आणि ज चं मला टेन्शन होतं, चमचा मधला च वेगळा आणि चहा मधला वेगळा. पण शब्द ओळखीचा असला की ती अर्ध्यात स्वतःच सुधारते. बहिणीचा मुलगा बंगलोरला आहे, घरात अर्धं इंग्लिश, त्याला मात्र प्रत्येक शब्द सांगावा लागतो. म्हणून म्हणते, आधी भरपूर गोष्टी ऐकवा, ते नसेल तर अक्षरगटही फार लांब नेणार नाही.

पुस्तकांसाठी प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट वापरतोय, २०१५ पासून आहे, फुकट, मराठीत भरपूर गोष्टी, चार लेव्हल, आणि लायसन्स खुलं असल्यामुळे पीडीएफ उतरवून बिनधास्त प्रिंट काढता येते. मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे ब्लॅक अँड व्हाइट काढते, रंग ती स्वतः भरते. फक्त लेव्हल म्हणजे गोष्ट आणि वाक्यं किती सोपी याचा अंदाज, अक्षरांचा नाही, पहिल्या लेव्हलमध्येही जोडाक्षर येऊ शकतं, त्यामुळे आधी आपण चाळून आपल्या गटात बसणारं निवडायचं. अजून एक, दोनदा ऐकलं की पुस्तक तोंडपाठ, मग छताकडे बघून "वाचन" चालतं. तेव्हा त्यातली वाक्यं पट्ट्यांवर लिहून उलटसुलट करून देते, लगेच कळतं काय येतंय काय नाही.

एक अॅप पण घेतलं होतं, नाव लिहित नाही, मूल मोठ्याने वाचतं आणि ते ऐकून स्टार देतं टाईप. पंखा चालू असला की त्याला काही कळायचं नाही आणि हिचं सगळं लक्ष स्टारवर. शिवाय त्यातला ल आणि श हिंदी वळणाचा, पाटीवर आजी काढते त्यापेक्षा वेगळा, त्यावरून एक संध्याकाळ भांडण (आजी जिंकली). काढून टाकलं. ज्यांची मुलं एकटी बसतात त्यांना कदाचित चालेल.

रोज जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं, कंटाळली की बंद, आजारपण आणि गणपतीत पूर्ण सुट्टी. आता बिनजोडाक्षरी मजकूर ती सावकाश पण समजून वाचते, दुकानांच्या पाट्या वाचायचा तर नाद लागलाय. महिन्याभरात रिझल्ट हवा असेल तर मात्र हे तुमच्यासाठी नाही, पहिले दोन महिने बाहेरून काहीच दिसत नाही आणि नातेवाईक विचारत राहतात.

सध्या जोडाक्षरं चालू केलीत, एकाच अक्षराची आधी, पत्ता, अण्णा, चक्का, डब्बा. ती पटकन जमली. रफार, ट्र आणि "सुऱ्या" मधला र असे र चे सगळे अवतार अजून बाकी आहेत, पुढच्या सुट्टीत बघू.