पैसे गेले, जकात मात्र डोक्यावरच राहिली

६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे तुर्कस्तान आणि सीरियात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि मदतीच्या आवाहनांची मोबाइलवर रीघ लागली. त्यातलंच एक आमच्या घरच्या ग्रुपवर आलं. ढिगाऱ्यातली लेकरं, थंडीत उघड्यावर बसलेल्या बायका आणि खाली ठळक अक्षरांत, "रमजानची वाट पाहू नका, तुमची जकात आजच पोहोचवा." जकात म्हणजे ऐपत असलेल्या मुसलमानाने दरवर्षी आपल्या संपत्तीतून हकदारांना द्यायचा ठराविक हिस्सा. ती मुदतीआधी देता येते, त्यामुळे कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आमच्या थोरल्या भावांनी घरातल्या सगळ्यांची जकात एकत्र केली आणि दिलेल्या खात्यावर भरली. त्यातला एक पैसाही भूकंपग्रस्तांपर्यंत गेला नाही.

वेबसाइट एका नावाजलेल्या मदतसंस्थेची हुबेहूब नक्कल होती. रंग तेच, बोधचिन्ह तेच, पत्त्यात फक्त एक अक्षर जास्त. जकातीचा हिशेब करून देणारा तक्ताही होता, आणि खरी खोट तिथेच होती. त्यात राहत्या घराची आणि वापरातल्या गाडीची किंमत भरायला सांगितलं होतं. या दोन्हींवर जकात नसते. सोनं-चांदी, रोकड, व्यापाराचा माल अशी संपत्ती निसाबाइतकी, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेइतकी, असेल आणि तिला चांद्र वर्ष पूर्ण झालं असेल, तरच तिच्यावर अडीच टक्के. कर्ज किती, वर्ष पूर्ण झालं का, हे त्या तक्त्याने विचारलंच नाही. आकडा फुगवणं एवढंच त्याचं काम. जकात कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्या माणसाने तो बनवला होता.

पैसे गेल्यावर लगेच पावती आली. दुआ लांबलचक, पण संस्थेचा नोंदणी क्रमांक कुठेच नाही, आणि खातं कुण्या खासगी माणसाच्या नावावर. मग फोन सुरू झाले : "फित्रा (ईदआधी द्यायचं दान), सदका (ऐच्छिक दान), सगळं याच खात्यात टाका." भावांनी सरळ विचारलं, कुराणातल्या सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत, आमची रक्कम त्यातल्या कुणाला जाणार? उत्तराऐवजी नवा क्यूआर कोड आला. भाच्याने आवाहनातले फोटो मुळात कुठले ते इंटरनेटवर शोधलं, तर ते कितीतरी वर्षं जुने निघाले, दुसऱ्याच आपत्तीचे. त्याच दिवसांत मुलाला कवटाळलेल्या अग्निशामक जवानाचं एक चित्रही देणग्या उकळायला फिरवलं जात होतं. ते कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं होतं, जवानाच्या हाताला सहा बोटं होती.

बँकेला कळवलं, सायबर पोलिसांत तक्रार दिली. तोवर खातं रिकामं झालं होतं.

पण मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते यापुढचं. साधी देणगी लुबाडली गेली तर पैसे गेले, नियत अल्लाहला ठाऊक, असं म्हणून माणूस मनाची समजूत घालतो. जकातीचं तसं नाही. भावांनी मुफ्तीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, नीट चौकशी करून एखाद्याच्या हातात जकात दिली आणि तो गरजू नव्हता असं मागाहून कळलं, तर ती अदा झाली असं हनफी फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या हनफी परंपरेत, मानलं जातं. पण "गरिबांपर्यंत पोहोचवतो" म्हणून कुणी घेतली आणि स्वतःच गिळली, तर ती हकदाराच्या मालकीची झालीच नाही. पुन्हा द्यावी लागेल. आम्ही दिली. अम्मींनी आपला वाटा स्वतःची बांगडी मोडून दिला. ज्या कुणी हे केलं त्याने आमचे पैसे तर लुटलेच, पण उघड्यावर बसलेल्या एका कुटुंबाचा हक्कही मारला, आणि त्याचा राग आजही जात नाही.

म्हणून आपत्तीसाठी जकात देऊ नका, असं मी मुळीच म्हणत नाही. बेघर झालेला, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला माणूस हकदारच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने तर २०१९ मध्ये जकातीसाठी स्वतंत्र निधी सुरू केला. फक्त मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका, संस्थेचा पत्ता स्वतः टाइप करा. नोंदणी सरकारी यादीत तपासा. जकातीचा हिशेब वेगळा ठेवता का, वाटप कोण करतं, कामाचा खर्च कुठून काढता, हे विचारा. जी संस्था खरंच हे काम करते तिला हे प्रश्न नवे नसतात, उत्तर तयार असतं. "आत्ताच भरा" म्हणून जो घाई करतो त्याला एक दिवस थांबवून बघा.

आणि कुणाचे पैसे असे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. पावती, मेसेज, खाते क्रमांक काहीही पुसू नका, त्याच तासाला बँकेला फोन करा आणि ज्या ग्रुपवर ते आवाहन आलं तिथेच ते खोटं असल्याचं लिहा. आमच्या ग्रुपवरून ते आणखी दोघा नातलगांकडे गेलं होतं. भावांनी वेळेत लिहिलं, म्हणून त्यांची जकात वाचली.